चोर सापडला, सोनं कधी मिळणार?

प्रश्न : चवथीला आम्ही सगळी मूळ घरी गेलो होतो. परतून पाहतो तर कपाट फोडलेलं, पाटल्या आणि मंगळसूत्र गायब. लगेच पोलिसांत तक्रार दिली. संशयिताला पकडून एका सराफाकडून सोनं जप्त केल्याचं पेपरात वाचलं. त्याला चार महिने झाले. विचारलं की ‘तपास चालू आहे’ म्हणतात. जबानीला मात्र पुन्हा पुन्हा स्थानकावर बोलावतात. मी ६४ वर्षांची, एकटीच राहते. सोनं मिळेल का? वकील द्यावा लागेल का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : काकी, आपल्याच घरफोडीची बातमी पेपरात वाचावी लागणं बरं नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपास कुठवर आला हे पोलिसांनी फिर्यादीला किंवा पीडिताला ९० दिवसांच्या आत कळवायचं असतं. मोबाईलवर कळवलं तरी चालतं. ही तपास संपवायची मुदत नव्हे, एवढं लक्षात ठेवा. निरीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी विचारलं की उत्तरही तोंडीच मिळतं.

जबानीसाठी बाईमाणसाला स्थानकावर बोलावता येत नाही, ती घरी येऊन घ्यायची असते (कलम १७९). तुम्ही स्वखुशीने गेलात तर गोष्ट वेगळी. तपासात लिहून घेतलेल्या त्या जबानीवर सहीही करायची नसते.

आता सोनं. खटला संपेपर्यंत ते मालखान्यातच पडून राहणार, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. मुद्देमाल ताब्यात मिळावा म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे आताच अर्ज करता येतो. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय की दागिन्यांचा सविस्तर पंचनामा करावा, फोटो काढावेत, बंधपत्र घ्यावं आणि ते मालकाला द्यावेत. मात्र कोर्ट मागेल तेव्हा तेच दागिने हजर करावे लागतात, तेव्हा मोडून नवी घडणावळ नको. ‘मी पैसे मोजून घेतलंय’ म्हणत सराफ आडवा येऊ शकतो. म्हणून पुरावा हवा. सासूने घातलेल्या पाटल्यांची पावती कोण जपून ठेवतं? लग्नाचे, बारशाचे फोटो शोधा. हातातल्या पाटल्या स्पष्ट दिसणारा एखादा तरी निघेलच. सोनं वितळवलेलं असेल तर मात्र ओळख पटवणं कठीण जातं.

खटला सरकार चालवतं, त्यासाठी तुम्हाला वकील लागत नाही. पण सोन्याच्या अर्जाला असलेला बरा. शिवाय आरोपपत्राची प्रत पीडिताला मिळते ती वकील असेल तरच. खर्चाची चिंता नको : १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली महिलेला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, सोबत एफआयआरची प्रत जोडा. ती दिली नसेल तर मागून घ्या. तिचे पैसे पडत नाहीत.