परसदार : तुमचे प्रश्न, माझे अनुभव

प्रश्न : रोपवाटिकेतून टोमॅटोची सहा रोपं आणली. मुद्दाम उंच, फुलं आलेली निवडली. रविवारी दुपारी बाल्कनीत लावली आणि भरपूर पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी माना टाकल्या, म्हणून आणखी पाणी घातलं. आठवड्यात चार गेली. उरलेल्या दोघांना वाचवू कशी? (डोंबिवलीहून एक वाचक)

ताई, तुम्ही त्यातली सगळ्यांत देखणी रोपं उचललीत, तिथेच फसगत झाली. ट्रेच्या एवढ्याशा कप्प्यात फुलावर आलेलं रोप म्हणजे जून झालेलं रोप. टोमॅटोचं रोप २५ ते ३० दिवसांचं, चार-पाच पानांचं, वीतभराहून बुटकं आणि जाडसर दांड्याचं बघून घ्यावं. मिरचीला जरा जास्त, म्हणजे ३५ ते ४० दिवस लागतात.

मी तर रोपवाल्यासमोरच एक रोप काढून बघते. दांडा ओढायचा नाही, कप्पा खालून बोटानं दाबायचा. कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा अख्खा बाहेर आला आणि त्याच्या अंगावर पांढऱ्या मुळांची जाळी दिसली, की रोप घ्यायचं. गोळा हातात फुटला तर रोप अजून कोवळं आहे. मुळं तपकिरी होऊन तळाशी गोल गोल गुंडाळलेली असली, तर त्याचे दिवस उलटून गेलेत. रोपवाला कुरकुरतो. कुरकुरू दे की, पैसे आपले आहेत.

दुसरी गोष्ट दुपारची. कोरेगावकडच्या आमच्या रानात आबा मिरचीचा तरू, म्हणजे रोपं, लावायचे ते ऊन कलल्यावरच, आणि तोवर रोपांची जुडी ओल्या गोणपाटाखाली. लहानपणी मला वाटायचं, उन्हात काम नको म्हणून हे निमित्त! खरं कारण असं, की रोप उपटताना त्याची केसासारखी बारीक मुळं तुटतात. कुंडीत पाणी असतं, पण ते वर ओढायला मुळंच धड नसतात. उलट उन्हात पानांतून पाणी उडतच राहतं. म्हणून मान पडते. अशा वेळी रोपाला सावली हवी असते आणि आपला हात जातो तांब्याकडे. मातीतल्या फटी पाण्यानं भरल्या की हवा जायला वाट राहत नाही, आणि उरलीसुरली मुळंही कुजतात. तुमची चार रोपं तहानेनं नाही, बहुतेक पाण्यानं गेली.

मी हे शहाणपण फुकट मिळवलेलं नाही. साताऱ्याच्या घरी पहिल्या वर्षी ९८ कप्प्यांच्या ट्रेत वांगी टाकली. वर प्लॅस्टिक झाकलं, रोज दोन वेळा पाणी. उगवण इतकी छान झाली, की शेजारणींना बोलावून दाखवली. अकराव्या दिवशी सकाळी प्लॅस्टिक उचललं तर निम्मी रोपं आडवी! पानं हिरवीगार, पण मातीलगतचा दांडा सुतासारखा बारीक, करडा पडलेला. ही मर. ओलीत वाढणाऱ्या बुरशीनं होते, आणि रोप एकदा आडवं झालं की उठत नाही. तेव्हापासून झाकण फक्त कोंब दिसेपर्यंत, आणि पाणी घालण्याआधी बोटाचं एक पेर मातीत खुपसून बघायचं. बोटाला ओल लागली तर तांब्या परत जागेवर.

आता तुमची दोन. फुलं खुडून टाका. जीव धजणार नाही तुमचा, पण खुडाच. चार दिवस दुपारच्या उन्हातून आत घ्या, मग रोज तासभर ऊन वाढवत न्या. कुंडी वरून रिकामी असेल तर खालची पानं काढून दांड्याभोवती दोन-तीन बोटं माती भरा. टोमॅटोच्या दांड्याला मातीत मुळं फुटतात. वांगी-मिरचीला मात्र हा प्रयोग करू नका. आणि कुंडी निदान १२ इंची हवी.

जाता जाता, नव्या रोपाला ‘सासरी आलेली लेक’ म्हणणारी तीन पत्रं आली आहेत. उपमा पुरे झाली, मंडळी. लेकीला कुणी दिवसातून चार वेळा पाणी पाजत नाही.

प्रश्न : कोथिंबिरीची रोपं ट्रेत करून कुंडीत लावली. आठ-दहा पानं आली आणि लगेच फुलं. (नागपूरहून एक वाचक)

कोथिंबिरीचं रोप करूच नका. तिचं मूळ सरळ खाली जाणारं, हलवलं की ती रुसते आणि उन्हाळ्याच्या झळा लागल्या की फुलावर जाते. धने जागेवरच पेरा. आधी पोळपाटावर लाटण्यानं हलकेच रगडा. एका धन्याची दोन शकलं होतात आणि प्रत्येकात एक बी असतं. रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल टाका. उगवायला आठ-दहा दिवस घेते, तोवर माती उकरून बघायची नाही. मुळा, गाजर, मेथीलाही हाच न्याय.

प्रश्न : दोन मिरच्यांची रोपं चांगली धरली होती. आता एकीची पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झालीत, दुसरीच्या शेंड्याला बारीक पानांचा नुसता गुच्छ. शेजारी म्हणतात नजर लागली. (सोलापूरहून एक निवृत्त गृहस्थ)

काका, नजर लागलीच असेल तर ती किडीची. पानं वर वळली की बहुधा फुलकिडे, खाली वळली की कोळी नावाची बारीक कीड. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकून बघा, दोऱ्याच्या तुकड्यासारखं काही सरपटताना दिसलं तर फुलकिडेच. संध्याकाळी लिटरभर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब भांड्याचा साबण घुसळून पानांच्या खालच्या बाजूनं फवारा. आठवड्यानं पुन्हा.

दुसरीचं मला वाईट वाटतं. गुच्छ, बारकी पानं, वाढ थांबलेली, हा बोकड्या रोग दिसतो. त्याचा विषाणू पांढरी माशी पसरवते, आणि त्याला औषध नाही. रोप उपटून पिशवीत बांधून टाका, आजच. पहिलीजवळ पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल चोपडून टांगून ठेवा, माशी त्याला चिकटते.

प्रश्न : बाजारच्या जुडीतून पुदिना आणि गवती चहा लावता येईल का? (पणजीहून एक वाचक)

पुदिना, हो. जाड देठाची काडी घ्या, खालची पानं काढा आणि पेल्यात ठेवा. पाणी एक दिवसाआड बदला. आठ-दहा दिवसांत मुळं दिसतात. त्याला कुंडी मात्र स्वतंत्र द्या, शेजाऱ्याला तो जागा ठेवत नाही.

गवती चहाची जुडी उलटी करून बघा. बुडाशी कांद्यासारखा पांढरा गड्डा असेल तर लागेल, नुसती कापलेली पाती असली तर चहातच घाला. कुणाच्या दारात वाढलेला ठोंब दिसला, तर त्यातले दोन फुटवे मुळांसकट मागून घ्या. माझाही तसाच, समोरच्या वहिनींकडून आणलेला आहे.