रूट कॅनल झालं, दुखणं थांबलं, मग कॅप कशाला?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. माझ्या खालच्या मोठ्या दाढेचं रूट कॅनल झालंय, वर सिमेंट भरलंय आणि आता अजिबात दुखत नाही. डेंटिस्ट कॅप बसवा म्हणतायत, पण घरचे म्हणतात दुखत नाही तर एवढा खर्च कशाला. सुपारी, फुटाणे खायची सवय आहे. थोडे महिने थांबलं तर चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: थांबू नका. दुखत नाही म्हणजे दाढ भक्कम झाली असं नसतं. आतली नस काढलेली असते, त्यामुळे तडा जायला लागला तरी थंड-गरम लागून आधी जी कळ येते ती येतच नाही, आणि एक दिवस दाढेचा तुकडाच हातात येतो.

रूट कॅनलने दात सुकून ठिसूळ होतो असं बरेच जण सांगतात, पण खरं कारण वेगळंय, किडीमुळे आणि ड्रिलिंगमुळे दाताच्या भिंती किती गेल्या त्यावर सगळं असतं. १९८९ साली काढलेल्या दातांवर एक प्रयोग झाला होता, त्यात फक्त रूट कॅनलसाठी भोक पाडल्यावर दाताचा ताठपणा जेमतेम ५ टक्के कमी झाला, पण पुढची-मागची दोन्ही बाजूंची कड जाईल असा मोठा खड्डा (कॅव्हिटी) कोरल्यावर तोच ६३ टक्के घटला!

आता जोर बघा. दाढांनी ताकद लावून चावलं तर ५०० न्यूटन किंवा जास्तही भार पडू शकतो, म्हणजे साधारण ५० किलो. भात-भाजी खाताना एवढा लागत नाही, पण जो पडतो तो रोज, पुन्हा पुन्हा पडतो आणि बारीक तडा हळूहळू वाढत जातो. सुपारीचं खांड तर दाढेच्या उंचवट्यांमध्ये ओंडक्यात पाचर ठोकावी तसं बसतं आणि दोन्ही भिंती बाहेर ढकलतं. तडा मुळापर्यंत उतरला की मग दाढ काढण्याशिवाय इलाज नाही, तेव्हा केलेलं रूट कॅनलही वाया. (सुपारी तशीही सोडाच, तोंड उघडेनासं होतं तिने, कॅन्सरचा धोका तर आहेच.)

कॅप भिंतींना वरून आणि चहूबाजूंनी धरून ठेवते. पण तिला पकडायला हिरडीच्या वर दीड-दोन मिलिमीटर तरी धड दात लागतो, तुम्ही थांबलात आणि तेवढाच भाग तुटला तर महागातली कॅपसुद्धा टिकणार नाही. आत पोस्ट (मुळात बसवायची बारीक दांडी) घातला की दात मजबूत होतो हाही गैरसमज, पोस्ट फक्त वरच्या भरणाला आधार देतो.

खर्चाचं म्हणाल तर मागच्या दाढेला साधी मेटलची कॅप छान चालते, स्वस्त पडते आणि दातही कमी घासावा लागतो, मोकळेपणाने विचारा त्यांना. रात्री दात खात असाल तर तेही सांगा, नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं कव्हर) लागेल. आणि कॅप बसवल्यावर निळा कागद चावायला देतात तेव्हा जरा जरी उंच वाटली तर संकोच न करता तिथेच सांगा, घरी जाऊन सवय होईल म्हणून सोडू नका.