दीड फूट खोलीच्या टेबलावर २४, २७ की ३२ इंची मॉनिटर घ्यावा, आणि तो डोळ्यांपासून किती लांब असावा?

तुम्ही विचारले आहे की घणसोलीच्या घरात भिंतीला लागून असलेल्या दीड फुटी टेबलावर, आठवड्यातले तीन दिवस घरून काम करण्यासाठी या तीनपैकी कोणता मॉनिटर घ्यावा. दिवसभर एक्सेल आणि मेल, वय ४४, प्रोग्रेसिव्ह चष्मा आणि संध्याकाळी जड होणारे डोळे एवढा तपशील तुम्ही दिला आहे, आणि उत्तरासाठी तो पुरेसा आहे. मी ठाण्यात चरईत राहते आणि गेली सोळा वर्षे घरूनच मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करते, म्हणजे रोजचे सात-आठ तास माझी नजर पडद्यावरच्या काना-मात्रांवर असते. माझे पहिले सांगणे असे, की प्रश्नाचा क्रम बदलावा. आधी तुमच्या टेबलावर किती अंतर मिळते ते मोजावे, आणि त्या अंतराला जो पडदा मानवेल तोच घ्यावा.

दीड फूट म्हणजे ४५ सेंटिमीटर. मॉनिटरबरोबर येणारा स्टँड साधारण २० सेंटिमीटर खोलीचा असतो आणि पडदा त्याच्या मध्याच्या थोडा पुढे उभा राहतो, त्यामुळे पडद्याचा दर्शनी भाग भिंतीपासून सुमारे १५ सेंटिमीटर पुढे येतो. टेबलाच्या पुढच्या कडेपर्यंत उरतात ३० सेंटिमीटर. ताठ बसल्यावर आपले डोळे या कडेच्या साधारण १५ ते २० सेंटिमीटर मागे असतात; घरातल्या कोणाला तरी बाजूने टेप धरायला सांगून हे माप तुमच्यापुरते नक्की करून घ्यावे. म्हणजे स्टँडवर ठेवलेला कोणताही मॉनिटर तुमच्यापासून ४५ ते ५० सेंटिमीटरवरच राहणार आहे. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा विभागाने, ज्याला ‘ओशा’ म्हणतात, संगणकावर काम करणाऱ्यांसाठी २० ते ४० इंच, अर्थात ५० ते १०० सेंटिमीटर, अंतर सुचवले आहे. तुम्ही त्या मर्यादेच्या अगदी खालच्या टोकाला, किंबहुना त्याहूनही जवळ आहात. पडदा जितका जवळ, तितके डोळ्यांतल्या भिंगाचा आकार बदलणाऱ्या स्नायूंना आणि दोन्ही डोळे नाकाकडे वळवणाऱ्या स्नायूंना अधिक राबावे लागते, आणि चाळिशीनंतर भिंगाचा लवचीकपणा कमी झालेला असतो. तुमचे डोळे जड होण्याचे एक कारण मला येथेच दिसते.

आता आकाराकडे येऊ. इंचांत सांगतात ते माप पडद्याच्या कर्णाचे असते. डोळ्यांना आणि मानेला मात्र रुंदी सोसावी लागते. नेहमीच्या १६:९ प्रमाणात २४ इंची पडद्याची रुंदी ५३ सेंटिमीटर, २७ इंचीची ६० आणि ३२ इंचीची ७१ भरते. मी माझ्यापुरता हिशोब असा ठरवला आहे, की डोळ्यांपासूनचे अंतर पडद्याच्या रुंदीपेक्षा कमी कधीच नसावे, आणि रुंदीच्या सव्वापट मिळाले तर ते उत्तम समजावे. त्यानुसार २४ इंचीला ५३ ते ६६, २७ इंचीला ६० ते ७५ आणि ३२ इंचीला ७१ ते ८९ सेंटिमीटर अंतर लागते. तुमच्या टेबलाच्या आजच्या मांडणीत यांपैकी एकही नीट बसत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

हा हिशोब मला चुकीतून कळला. तीन वर्षांपूर्वी भाच्याच्या आग्रहावरून मी ३२ इंची पडदा घेतला. दुकानात तो भिंतीवर लावलेला होता आणि मी चार-पाच फुटांवर उभी राहून तो पाहत होते, त्यामुळे तो मोठा वाटलाच नाही. घरी तोच पडदा माझ्यापासून ५० सेंटिमीटरवर आला. त्या अंतरावर ३२ इंची पडदा नजरेचा सुमारे सत्तर अंशांचा कोन व्यापतो, आणि त्याचा मध्य ५० सेंटिमीटरवर असताना त्याच्या डाव्या-उजव्या कडा डोळ्यांपासून ६१ सेंटिमीटरवर जातात. डावीकडे जुळणीचे पान आणि उजवीकडे लेखकाच्या हस्तलिखिताची स्कॅन केलेली प्रत अशी माझी मांडणी असे. प्रत्येक ओळीला मान इकडून तिकडे वळे आणि तेवढ्यातच डोळ्यांना फोकसही बदलावा लागे. दोन महिन्यांत मान आणि उजवा खांदा धरला. तो पडदा आता बाहेरच्या खोलीत आहे, आणि माझ्या टेबलावर २७ इंची पडदा ६८ सेंटिमीटरवर आहे. म्हणूनच माझी तुम्हाला विनंती आहे, की खरेदीपूर्वी खोक्याचा पुठ्ठा ६० बाय ३४ सेंटिमीटर कापून पडदा जेथे येणार तेथे चिकटपट्टीने लावावा, त्याच्या चारही कोपऱ्यांत वर्तमानपत्राची कात्रणे चिकटवावीत आणि समोर अर्धा तास बसावे. कोपऱ्यातले वाचताना हनुवटी हलू लागली, तर तो आकार त्या अंतरासाठी मोठा आहे.

आकाराइतकेच महत्त्व रिझोल्यूशनला, म्हणजे पडद्यावर चित्राचे बारीक ठिपके (पिक्सेल) किती आहेत याला आहे, आणि दुकानात या बाबतीत फार कमी बोलले जाते. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० पिक्सेल असतात, मग तो २४ इंची असो वा २७ इंची. २४ इंचीवर एका पिक्सेलची रुंदी ०.२८ मिलिमीटर होते. तेच पिक्सेल २७ इंचीवर ताणले की ०.३१ मिलिमीटर होते. उत्तम नजरेचा माणूस ६० सेंटिमीटरवरून साधारण ०.१७ मिलिमीटरपर्यंतचे बारकावे वेगळे ओळखू शकतो, त्यामुळे स्वस्तात मिळणाऱ्या २७ इंची फुल एचडी पडद्यावर अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसतात. माझ्या कामात हे फार बोचते. लहान टाइपात ‘रु’ आणि ‘रू’ यांतला फरक एखाद-दुसऱ्या पिक्सेलवर येऊन ठेपतो, ‘द्ध’च्या जागी चुकून पडलेला ‘ध्द’ नजरेतून निसटतो, आणि अनुस्वाराचा ठिपका वरच्या मात्रेत मिसळून जातो. तुमच्या एक्सेलमध्ये हीच गत तीन, सहा आणि आठ या आकड्यांची आणि दशांश चिन्हाची होत असणार. नीट दिसेना की माणूस नकळत पुढे वाकतो, आणि टेप लावून मिळवलेले अंतर तेथेच वाया जाते. म्हणून २७ इंची घ्यायचा असेल तर किमान २५६० बाय १४४० पिक्सेलचा, म्हणजे क्यूएचडी, घ्यावा. त्यावर पिक्सेलची रुंदी ०.२३ मिलिमीटर होते. फोर-के, म्हणजे याहूनही जास्त पिक्सेलचा पडदा, परवडत असेल तर अक्षरे आणखी रेखीव दिसतात, पण विंडोजमध्ये स्केल, म्हणजे अक्षरांचा आकार, १५० टक्के ठेवावे लागते, आणि जुन्या लॅपटॉपचे एचडीएमआय पोर्ट फोर-के चित्र सेकंदाला तीसच वेळा पाठवू शकते, ज्यामुळे माउसचा बाण अडखळत चालतो. तुमचा लॅपटॉप कोणता आहे ते तपासूनच फोर-केचा विचार करावा.

अंतर वाढवण्याचा उपाय फारसा खर्चाचा नाही. मॉनिटर घेताना त्याच्या पाठीमागे व्हेसा मापाची, म्हणजे ७५ किंवा १०० मिलिमीटर चौकोनातली, चार भोके आहेत ना ते पाहावे. तसे असेल तर स्टँड काढून पडदा ब्रॅकेटने भिंतीवर लावता येतो आणि तो भिंतीपासून सुमारे सात सेंटिमीटरवर राहतो. त्यानंतर टेबल भिंतीपासून १५ सेंटिमीटर पुढे ओढावे. मी नेमके हेच केले. सुताराने मागच्या फटीवर प्लायची पट्टी बसवून दिली आणि वायरी तिच्याखालून नेल्या. तुमच्याकडे असे केल्यास पडद्यापासून टेबलाच्या कडेपर्यंत ५३ आणि तेथून डोळ्यांपर्यंत १५ ते २०, असे ६८ ते ७३ सेंटिमीटर अंतर मिळेल, आणि त्यात २७ इंची क्यूएचडी निश्चिंतपणे बसेल. टेबलाला क्लॅम्पने अडकवायचे वाकते आर्म सध्या पुष्कळ विकले जातात, परंतु मागे लगेच भिंत असेल तर आर्मचे कोपर दुमडायला जागा उरत नाही आणि पडदा उलट पुढे येतो. घर भाड्याचे असेल आणि मालक भिंतीला भोके पाडू देत नसतील, किंवा टेबल पुढे घेतल्यावर कपाटाचे दार उघडणार नसेल, तर २४ इंची फुल एचडी घ्यावा, टेबल जमेल तेवढे पुढे ओढून स्टँड मागच्या फटीकडे सरकवावा आणि निदान ५५ सेंटिमीटर साधावेत. ३२ इंचीचा विचार मात्र तुम्ही सोडून द्यावा असे मला मनापासून वाटते.

खिडकी पाठीमागे किंवा थेट समोर नसावी, ती बाजूला असावी. मधूनमधून नजर लांब नेण्याची सवय ठेवावी. तुमच्या घरातून पारसिकचा डोंगर दिसत असेल तर दर वीस मिनिटांनी थोडा वेळ तिकडे पाहावे.

उंचीबाबत सर्वसाधारण नियम असा आहे, की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली असावी. प्रोग्रेसिव्ह चष्मा असणाऱ्यांना मात्र यात बदल करावा लागतो. या चष्म्यात वरचा भाग लांबचे पाहण्यासाठी, खालचा वाचनासाठी आणि मधला अरुंद पट्टा मधल्या अंतरासाठी असतो. पडदा उंच असेल तर हनुवटी वर करून खालच्या काचेतून पाहण्याची सवय लागते आणि मानेचा मागचा भाग दिवसभर दबलेला राहतो. तुम्ही पडदा आणखी पाच-सात सेंटिमीटर खाली घ्यावा आणि त्याची वरची कड थोडी मागे कलती ठेवावी. भिंतीवर ब्रॅकेट बसवताना हे आधीच ठरवावे, कारण भोके एकदाच पाडायची असतात.

चष्म्याचा वाचनाचा नंबर साधारणपणे हातातल्या पुस्तकाच्या अंतराला, सुमारे ४० सेंटिमीटरला, काढलेला असतो. म्हणून पडदा लावून झाला की नेहमीसारखे बसून डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर मोजावे, ते चिठ्ठीवर लिहावे आणि पुढच्या तपासणीला ती चिठ्ठी बरोबर न्यावी. त्या अंतरासाठी केवळ संगणकाचा म्हणून वेगळा, एकाच नंबराचा चष्मा करून मिळतो. मी तो दोन वर्षांपासून वापरते, टेबलाच्या खणातच ठेवते, आणि कामावरून उठताना काढून ठेवते.