मुद्रितसंशोधन, मुद्रितशोधन आणि मारुतीची सीताशुद्धी

प्रश्न असा आला आहे: "प्रबंध विद्यापीठात सादर करायला तीन आठवडे उरलेत. माझ्या मार्गदर्शीका म्हणतात, आधी 'मुद्रितसंशोधन' करून घे. हा शब्द बरोबर आहे का? आणि संपादनापेक्षा ते वेगळं असतं का?"

बरोबर नाही. मुद्रितशोधन. तो 'सं' काढा.

हा 'सं' माझ्या फार डोक्यात जातो. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर 'मुद्रितसंशोधक : अमुक अमुक' असं छापलेलं मी अनेकदा पाहिलंय. म्हणजे चुका काढणाऱ्याचं नाव जिथे द्यायचं, नेमकी तिथेच चूक! खिळ्यांच्या छपाईत जुळणी झाली की कच्ची प्रत काढायचे, ती 'मुद्रित', म्हणजे आपलं प्रूफ. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रुफावर डोळे लावून बसायचं. उलटा बसलेला खिळा, गळलेला काना, दोनदा आलेली ओळ, समासात खूण करायची, पुढचं पान. त्याला संशोधन म्हणायचं तर मी रोज सकाळी तांदूळ निवडते, त्यालाही म्हणावं लागेल.

तुमचा प्रबंध अजून छापलेलाच नाही, मग 'मुद्रित' कुठलं, असंही कोणी विचारेल. विचारू दे. 'हस्तलिखित'सुद्धा आता कोणी हाताने लिहीत नाही, तरी शब्द चालतोच.

पण तांदळाचं मी उगाच नाही काढलं. खरी गंमत 'शोधन'मध्ये आहे. धातू शुध्, अर्थ स्वच्छ होणं. त्यातूनच शुद्ध, शुद्धी, शोधन, संशोधन. वैद्य बिब्बा आणि पारा वापरण्याआधी त्यांचं शोधन करतात, ते दोष काढायला. कर्ज फेडणं म्हणजे ऋणशोधन. सगळीकडे साफसफाई! मग मराठीत 'शोधणे' म्हणजे हुडकणे कसं झालं? आणि 'संशोधन' म्हणजे नवं ज्ञान मिळवणं कसं?

आमच्या ओळखीतले एक व्याकरणप्रेमी प्राध्यापक यावर ठाम आहेत: ही मराठीची चूक, हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती आणि तेच खरं, आपण रिसर्चला अनुसंधान म्हणावं. म्हणजे 'संविधान संशोधन' शुद्ध आणि आपलं इतिहास संशोधन भ्रष्ट! याच वृत्तीमुळे हल्ली मराठी बातम्यांत 'कायद्यात संशोधन' होऊ लागलंय. अहो, आपल्याकडे घटनादुरुस्ती, कायदादुरुस्ती असे धडधाकट शब्द आहेत, ते काय अडगळीत टाकायचे?

प्राध्यापकमहाशयांनी जुन्या रामकथा वाचल्या असत्या तर असं बोलले नसते. मारुती लंकेला कशासाठी जातो? सीताशुद्धीसाठी! एकनाथांच्या भावार्थ रामायणात हीच शुद्धी आहे. इथे सीतेला पवित्र करण्याचा काही संबंध नाही (ते प्रकरण पुढे आगीपाशी येतं, आणि ते मारुतीकडे नव्हतं). शुद्धी म्हणजे ठावठिकाणा, खबर. हिंदीतली 'सुध लेना'मधली सुध तीच. आपण 'शुद्धीवर येतो', आपली 'शुद्ध हरपते', तिथेही हीच जाणीव, हीच खबर. म्हणून तर अशुद्ध आणि बेशुद्ध हे दोन अगदी वेगळे प्रकार. एकाला संस्कृत नकार, दुसऱ्याला फारसी. पहिला लेखकाला लागू, दुसरा त्याचा प्रबंध तपासणाऱ्याला. जाता जाता, जुन्या मराठीत 'अशुद्ध' म्हणजे रक्त. अशुद्धाचे पाट वाहत. लाल शाईने भरलेलं पान लेखकाला परत देताना मला हा अर्थ हमखास आठवतो.

आता माझा तर्क. साफ करणं आणि हुडकणं हे दोन अर्थ नाहीतच, ती एकच क्रिया आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं चौथं अधिकरण 'कण्टकशोधन'. काटे म्हणजे प्रजेला छळणारे लबाड कारागीर, व्यापारी, चोर. ते दूर करायचे तर आधी हेर लावून सापडायला हवेत! ताटात तांदूळ पसरला की हात काय करतो? खडा हुडकतो. तांदूळ साफ झाला हे खडा सापडल्यावरच म्हणायचं. मराठीने खडा सापडण्याचा क्षण उचलला, हिंदीने ताट साफ झाल्याचा. यात भ्रष्ट कोण?

आणि पुरावा हवा तर पुन्हा एकनाथच. शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये पाठभेद माजले होते. ग्रंथ मुळात अतिशुद्धच, पण पाठांतरात, म्हणजे पाठभेदांत, अबद्ध (चुकीचं) शिरलं, ते शोधून 'प्रतिशुद्ध' केलं, असं ते शेवटी सांगतात. शोधून शुद्ध! एका धातूच्या दोन्ही बाजू एका ओवीत. वर ताकीद अशी की यात कोणी स्वतःची ओवी घालील, तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली म्हणून समजा. दुसऱ्याच्या प्रबंधात आपली पल्लेदार वाक्यं खुपसणाऱ्यांनी ही ओवी टेबलासमोर लावावी. 'शुद्ध' शब्दच नको, 'प्रमाणलेखन' म्हणा, असं सांगणाऱ्यांशी माझं भांडण नाही. 'शुद्ध'ला सोवळं नेसवलं ते आपण, नाथांनी नव्हे.

तुमचा दुसरा प्रश्न राहिलाच. संपादन म्हणजे मिळवणं. विश्वास संपादन करतो तसंच. विस्कळीत मजकुरातून नीट ग्रंथ मिळवायचा: प्रकरणांचा क्रम, पुनरुक्ती, मजकुरात २०१४ आणि संदर्भसूचीत २०४१ असले घोटाळे. ते आधी. मुद्रितशोधन सगळ्यात शेवटी, आणि त्यानंतर फाइलला हात लावायचा नाही. गोव्यातल्या नियतकालिकांवरचा एक प्रबंध मी तपासून दिला होता. आदल्या रात्री लेखकाला वाटलं, 'पण' फार घरगुती दिसतं, 'परंतु' भारदस्त. त्याने एका फटक्यात सगळीकडे बदल केला. बहिस्थ परीक्षकांच्या हाती पडला तेव्हा संपादक 'परंतुजी'त राहत होते, त्यांचं 'शहाणपरंतु' वाखाणलं होतं, आणि निष्कर्षाची सुरुवात होती, 'आपरंतु पाहिले की'.

आणि हो, तुमच्या प्रश्नातल्या 'मार्गदर्शीका'मधला 'र्शी' ऱ्हस्व करा. ऋणनिर्देशात तसाच गेला, तर बाईंना पहिल्याच पानावर सापडेल.