माहिती तंत्रज्ञानाच्या स्वीकारावर प्रबंध करायचा आहे. प्रश्नावली वाटून खरंच काही हाती लागतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : तुम्ही एका शिक्षणसंस्थेत नोकरी करता. संस्थेनं सगळ्या शाखांसाठी एक मोठं सॉफ्टवेअर घेतलं. कार्यालयातली मंडळी ते टाळतात, शिक्षक नावापुरतं वापरतात. हाच विषय पीएचडीला घ्यायचा तुमचा विचार आहे आणि गाईड म्हणतात, "टॅमची प्रश्नावली दोनशे जणांकडून भरून घ्या, काम झालं." यातून खरं काही कळेल का, अशी तुम्हाला शंका आहे.

शंका रास्त आहे. मी व्यवस्थापन शिकवतो आणि या विषयावरचे विद्यार्थ्यांचे प्रकल्प बरीच वर्षं पाहत आलोय. प्रश्नावली जरूर वाटा, पण सगळ्यात शेवटी. आधी हे शोधा, की या सॉफ्टवेअरमुळे कुणाचं काम हलकं झालं आणि कुणाचं वाढलं. गेल्या चाळीस वर्षांत या क्षेत्रात जे चांगलं संशोधन झालं, ते फिरून फिरून याच जागी येतं असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात टॅमपासूनच करू. टॅम म्हणजे टेक्नॉलॉजी अ‍ॅक्सेप्टन्स मॉडेल, माणूस नवं तंत्रज्ञान का स्वीकारतो हे सांगणारी मांडणी. फ्रेड डेव्हिस यांनी एमआयटीत पीएचडी करताना ते मांडलं आणि १९८९ मध्ये 'एमआयएस क्वार्टर्ली' या संशोधनपत्रिकेत त्यावरचा त्यांचा गाजलेला लेख आला. अभ्यास आजच्या मानानं छोटा होता. आयबीएमच्या टोरोंटोतल्या केंद्रातले ११२ कर्मचारी आणि बॉस्टन विद्यापीठात संध्याकाळच्या वर्गात एमबीए करणारे ४० विद्यार्थी. त्यांना दोन गोष्टी विचारल्या : हे तुम्हाला उपयोगी वाटतं का, आणि वापरायला सोपं वाटतं का. चाळत चाळत शेवटी प्रत्येकीची सहा विधानं ठरली. हे वापरल्यानं माझं काम लवकर उरकेल, माझ्या हातून जास्त काम होईल, अशा धर्तीची.

निष्कर्षही सरळ निघाला. कर्मचाऱ्यांमध्ये उपयुक्ततेचा वापराशी सहसंबंध ०.६३ आला, सोपेपणाचा ०.४५ (हा आकडा १ च्या जितका जवळ, तितकं दोन गोष्टींचं नातं घट्ट). विद्यार्थ्यांना पुढे वापराल का असं विचारलं होतं, तिथे हे आकडे ०.८५ आणि ०.५९ आले. म्हणजे काम होत असेल तर माणूस थोडा त्रास सोसतो. पण ज्यातून आपलं काहीच काम होत नाही ते कितीही सोपं केलं तरी तो त्याला हात लावत नाही. 'यूजर फ्रेंडली' या शब्दाचा जप करणाऱ्यांनी हे आकडे नीट पाहावेत.

आता ती विधानं पुन्हा वाचा. सगळी उत्तर देणाऱ्याच्या स्वतःच्या कामाबद्दल आहेत. संस्थेचा फायदा होईल का, वरिष्ठांना अहवाल वेळेवर मिळतील का, असं त्यात कुठेही विचारलेलं नाही. आपल्याकडचे बहुतेक प्रकल्प नेमकं हेच विसरतात. सॉफ्टवेअर घेताना उपयोगाचा विचार होतो तो वरच्या खुर्चीवरून, आणि 'स्वीकार' मोजायला मात्र खालच्या टेबलावर जातात.

एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मी प्रवेशाच्या दिवसांत बसून पाहिलं होतं. विद्यार्थी छापील अर्ज भरून देतो. बाई आधी जनरल रजिस्टरला नोंद करतात, कारण उद्या शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा तर रजिस्टरच उघडावं लागतं आणि तपासणीला येणारेही तेच मागतात. मग तीच माहिती कॉलेजच्या सॉफ्टवेअरमध्ये. मग विद्यापीठाच्या पोर्टलवर. मग शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर. नाव कुठे आडनावापासून, कुठे स्वतःच्या नावापासून. आईचं नाव एका ठिकाणी सक्तीचं, दुसरीकडे त्याला रकानाच नाही. आधारवरचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळत नाही म्हणून मुलगा खिडकीशी ताटकळलेला. या सगळ्यातून प्राचार्यांच्या पडद्यावर संध्याकाळी सुरेख तक्ता येतो : जातवार, शाखावार, फी किती जमा. तो तक्ता खरोखर उपयोगाचा आहे, पण प्राचार्यांच्या. बाईंच्या वाट्याला तीच माहिती पुन्हा पुन्हा टंकायचं काम आलं. त्यांना तुमची प्रश्नावली दिलीत तर त्या 'असहमत'वर खूण करतील आणि तुमच्या प्रबंधात त्यांची नोंद 'तंत्रज्ञानाला विरोध करणारे कर्मचारी' अशी होईल. याचा मला मनापासून राग येतो. त्या बाई मोबाइलवरून वीजबिल भरतात, मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. विरोध तंत्रज्ञानाला नाही.

याच मुद्द्यावर एक फार चांगला जुना अभ्यास आहे. लिन मार्कस यांचा, १९८३ चा. एका मोठ्या अमेरिकी कंपनीत (तिला त्यांनी गोल्डन ट्रँगल हे टोपणनाव दिलंय) हिशेबाची नवी संगणक प्रणाली आली. मुख्य कार्यालयातले लेखापाल खूश, विभागांतले लेखापाल नाराज. ते कित्येक काळ आपल्या जाडजूड वह्या हातानं लिहीत राहिले. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, प्रणालीत तांत्रिक दोष आहेत किंवा माणसं हटवादी आहेत. मार्कस यांनी वेगळंच दाखवलं. पूर्वी विभागाचा तपशील विभागाकडे राहायचा आणि वर फक्त गोषवारा जायचा. नव्या प्रणालीत प्रत्येक व्यवहार एकाच साठ्यात जमा होऊ लागला आणि मुख्य कार्यालय हवं तेव्हा आत डोकावू लागलं. माहितीबरोबर अधिकारही सरकला होता. विरोध त्याला होता. दोष दुरुस्त करून किंवा प्रशिक्षण वाढवून तो मिटणारा नव्हताच.

वांडा ऑर्लिकोव्स्की यांचा १९९२ चा अभ्यासही असाच डोळे उघडणारा आहे. एका सल्लागार कंपनीनं सगळ्यांना लोटस नोट्स हे माहिती एकमेकांत वाटून घेण्याचं सॉफ्टवेअर दिलं. हेतू असा, की लोकांनी आपलं ज्ञान एकमेकांना द्यावं. पण तिथे बढती मिळाली नाही तर बाहेरचा रस्ता धरावा लागे, त्यामुळे ज्याला जे ठाऊक तेच त्याचं भांडवल. शिवाय प्रत्येक तास कुठल्या ना कुठल्या ग्राहकाच्या नावे लावावा लागे, आणि नोट्स शिकण्यात घालवलेला वेळ कुणाच्या खात्यावर टाकणार? साहजिकच बहुतेकांनी ते बाजूला ठेवलं.

महाराष्ट्रातलं उदाहरण हवंच असेल, तर वारणानगरचं घ्या. १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी 'वारणा वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रं. शेतीचा सल्ला, बाजारभाव, आरोग्य, शिक्षण असं बरंच काही त्यातून पोचवायचं होतं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी पाहिलं, तेव्हा केंद्रं मुख्यतः साखर कारखान्याच्या कामासाठी चालू होती : ऊस नोंद, तोडणी कधी, वजन किती भरलं, खताची उधारी किती. शेतकऱ्याला हेच हवं होतं. वजन कळण्यासाठी तो केंद्रावर येत होता, बाकीच्या गोष्टींसाठी येत नव्हता. मग त्यांनी सात गावांत संगणक काढून साध्या मोबाइलवरच्या एसएमएसनं तीच माहिती द्यायला सुरुवात केली आणि ते चाललं. दिमाखदार यंत्र गेलं, काम राहिलं. मराठीतून या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे प्रकरण वाचावं असं मला वाटतं; आपल्या मातीतला इतका स्वच्छ दाखला दुसरा नाही. त्या संशोधकांपैकी केंटारो तोयामा यांनी पुढे मांडलेला विचारही इथूनच समजतो : माणसांची जी इच्छा आणि कुवत आधीपासून असते, तंत्रज्ञान तीच मोठी करतं. वारणेत मुळात चालता कारखाना होता, सहकाराची घडी बसलेली होती, म्हणून मोठं व्हायला तिथे काहीतरी होतं.

याच्या उलट, २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल आंदोलन करून परत केले. पोषणाच्या नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप तेव्हा इंग्रजीत होतं, मोबाइल अ‍ॅपचा भार पेलेना. अ‍ॅप मराठीत द्या, चांगले मोबाइल द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. वापरायला नको असतं तर मराठी अ‍ॅप कशाला मागितलं असतं?

विद्यार्थ्यांच्या बाबतीत थोडं वेगळं आहे, आणि तुमच्या प्रबंधात शिक्षकही असल्यामुळे ते ध्यानात घ्या. तिथे वापर होतो की नाही हा प्रश्नच पुरेसा नाही. मुलं संगणक आनंदानं वापरतात. शिकतात का, हे वेगळं पाहावं लागतं. पेरू देशात 'एका मुलामागे एक लॅपटॉप' ही योजना राबवली, ३१९ शाळांत तिचा अभ्यास झाला. लॅपटॉप पोचले, वापर वाढला, पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. त्याहून बोलका आहे ली लिंडेन यांचा गुजरातमधला अभ्यास, 'ज्ञानशाला' या संस्थेच्या वर्गांतला. संगणकावरून शिकवायचा एकच कार्यक्रम दोन तऱ्हांनी दिला. काही ठिकाणी शिक्षकाच्या तासाऐवजी, काही ठिकाणी शाळा सुटल्यावर जादा. तासाऐवजी दिला तिथे मुलं चक्क मागे पडली, जादा दिला तिथे पुढे गेली. 'ज्ञानशाला'चे वर्ग मुळात चांगले होते. चांगला तास काढून तिथे संगणक बसवल्यावर नुकसानच होणार. याउलट दिल्लीत 'माइंडस्पार्क' या शिकवणीच्या सॉफ्टवेअरवर झालेल्या अभ्यासात साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलन (मुलांच्या गुणांतला फरक मोजायचं माप) इतकी वाढ दिसली, आणि शिक्षणातल्या प्रयोगांच्या मानानं ती मोठी आहे. कारण ते सॉफ्टवेअर मूल प्रत्यक्षात कोणत्या इयत्तेच्या पातळीवर आहे ते ओळखून तिथून शिकवत होतं, आणि सातवी-आठवीतली कितीतरी मुलं त्याच्या बऱ्याच खाली होती. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षकाला हे एकट्यानं जमणं अवघड. तिथे यंत्रानं खरी उणीव भरून काढली.

आता तुमच्या कामाकडे. गाईड टॅमनंतरचं यूटॉट मॉडेल घ्यायला सांगतील. वेंकटेश, मॉरिस, डेव्हिस आणि डेव्हिस यांनी २००३ मध्ये आठ जुनी मॉडेलं एकत्र करून ते बांधलं आणि वापरण्याच्या हेतूतल्या फरकापैकी जवळजवळ ७० टक्के फरक त्यातून उलगडतो असं दाखवलं. मॉडेल दणकट आहे, घ्या. पण एक गोष्ट सोडू नका : वापर ऐच्छिक आहे की सक्तीचा, हे त्यात वेगळं धरलंय. 'वरिष्ठांना काय वाटतं' याचा परिणाम त्यांना सक्तीच्या ठिकाणीच दिसला. तुमच्या संस्थेत परिपत्रक निघालंय, म्हणजे सक्ती आहे. सक्तीच्या ठिकाणी 'तुम्ही हे वापरणार आहात का' या प्रश्नाला सगळे 'हो' म्हणतात आणि त्या 'हो'चं मोल शून्य असतं.

दुसरं, वापर किती हे लोकांना विचारून ठरवू नका. १९९५ मध्ये स्ट्रॉब आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की लोक सांगतात तो वापर आणि यंत्रात नोंदला जाणारा वापर यांचा मेळ फारसा बसत नाही. तुमच्याकडे सॉफ्टवेअरच्या लॉगिनच्या नोंदी असतील. त्या मागा. कोणत्या पडद्यावर कोण किती वेळ असतं आणि नोंदी रोजच्या रोज होतात की महिनाअखेरीला एका दिवसात उरकल्या जातात, एवढं पाहिलंत तरी दोनशे प्रश्नावल्यांपेक्षा जास्त कळेल.

तिसरं, टॅमवरची सगळ्यात नेमकी टीका २००७ ची आहे, बेनबासॅट आणि बार्की यांची. ते म्हणतात, उपयोगी वाटतं म्हणून वापरतात हे कळून चुकलंय. उपयोगी कशामुळे वाटतं, हे कुणी उघडून बघत नाही. तुमचा प्रबंध इथेच शिरू शकतो. कार्यालय, परीक्षा विभाग, लेखा आणि दोन-तीन विषयांचे शिक्षक निवडा. प्रत्येक टेबलाशी काही दिवस बसा, शक्यतो प्रवेशाच्या किंवा निकालाच्या गर्दीत. एक नोंद किती ठिकाणी होते, कोणती वही अजून चालू आहे आणि ती कुणाच्या भीतीनं चालू आहे, हे लिहून काढा. प्रश्नावलीतली विधानं त्यातून तयार करा, आयती उचलू नका. आणि मराठीतच करा, रोजच्या बोलण्यातली.

संस्थाचालकांकडून परवानगी घेताना एक अट लेखी घ्या, की कुणी काय भरलं हे त्यांना दाखवलं जाणार नाही. छोट्या विभागात नाव नसलं तरी हुद्द्यावरून माणूस ओळखू येतो, त्यामुळे 'परीक्षा विभाग, वरिष्ठ लिपिक' असं प्रबंधात लिहू नका. ही अट मान्य होत नसेल तर दुसरी संस्था शोधा. त्या परिस्थितीत गोळा केलेल्या माहितीवर पुढचं काहीही उभं राहणार नाही.