मोबाईलवर दोन तास बसतो, मग अभ्यासालाच काय होतं?

हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो, आणि पाठोपाठ निकालही: "मुद्दाम करतो, मॅडम."

तिसरीतल्या एका मुलाच्या आईचंही हेच म्हणणं होतं. (ओळखीचे तपशील बदललेत.) एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणं, अतिचंचलता) हा शब्द त्यांनी यूट्यूबवर ऐकला होता. व्हिडिओ बघून हा शिक्का मारू नये. लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून, किमान 6 महिने आणि घर-शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात. कान, डोळे, झोप आधी तपासायची. 'ऐकत नाही' म्हणतात त्या मुलाला कधीकधी खरंच ऐकू येत नसतं. डॉक्टरांनी निदान पक्कं केल्यावर आमचं काम सुरू झालं.

"शाळेतून आला की काय सांगता?"

"साधंच. बूट जागेवर ठेव, डबा बेसिनमध्ये टाक, हातपाय धू, गृहपाठाला बस."

"कुठून?"

"ओट्यापाशी असते ना मी."

चार कामं, तीही दुसऱ्या खोलीतून. बूट जागेवर जातात, बाकीची तीन हवेत.

"आणि गृहपाठ केला तर?"

"रविवारी बागेत नेतो."

मोबाईलचा गेम दर काही सेकंदांनी नाणं देतो. इथे सोमवारच्या गणिताचं फळ रविवारी. मी एवढंच म्हटलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. "म्हणजे सोमवारी त्याच्यासाठी रविवार नसतोच?"

नसतोच. या मुलांकडे लक्ष असतं. ते हवं तिथे वळवणं आणि लांबच्या फळासाठी टिकवणं अवघड जातं. हे मी सांगण्यापेक्षा आईला सुचलं, की निम्मं काम झालं. मी मुलाआधी त्याच्या भोवतीची मांडणी बदलणाऱ्यांपैकी.

जवळ जाऊन एकच सूचना, ती त्याच्याकडून वदवून घ्यायची. गजर 10 मिनिटांचा, मग 3 मिनिटं उठायची मुभा. वहीतली खालची गणितं पोस्टकार्डाने झाकायची. प्रत्येक फेरीला लगेच राजम्याचा एक दाणा बरणीत. तीन दाणे झाले की त्याच संध्याकाळी सायकल. मिळालेला दाणा रागाने काढून घ्यायचा नाही. इथेच बहुतेक घरं घसरतात.

वडिलांना गोळ्यांची धास्ती होती. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाने भूक मंदावते, म्हणून नाश्ता आधी पोटभर, आणि वजन-उंची डॉक्टर तपासत राहतात.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला: "राजमा चालेना." चालणार नव्हताच, नवेपणा ओसरला की बक्षीस बदलावं लागतं. आता तीन दाण्यांना बाबांबरोबर कॅरमचा एक डाव आहे. बाबा ऑफिसातून वेळेवर येतात का, हे मुलगाच विचारतो.