व्हीआरएसचा पगार नक्की कोणता?
वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : कारखान्यात व्हीआरएसची (स्वेच्छानिवृत्ती योजनेची) नोटीस लागली आहे. ‘पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे ४५ दिवसांचा पगार किंवा निवृत्तीपर्यंतच्या उरलेल्या महिन्यांचा पगार, यांपैकी कमी असेल ते’ असे त्यात लिहिले आहे. माझे वय ४७, नोकरी २२ वर्षे, निवृत्तीचे वय ५८. एकूण पगार ४२,००० रुपये, त्यात बेसिक आणि डीए मिळून २४,०००. मला किती मिळतील?

उत्तर : या नोटिशीत ४५ पेक्षा महत्त्वाचा शब्द ‘पगार’ आहे, आणि त्याचा अर्थच कुठे दिलेला नाही. २२ वर्षांचे ४५ प्रमाणे ९९० दिवस होतात. बेसिक अधिक डीएला ३० ने भागले तर रोज ८०० रुपये, म्हणजे ७,९२,०००. त्याच रकमेला ग्रॅच्युइटीसारखे २६ ने भागले तर ९,१३,८४६. एकूण पगार धरून ३० ने भागले तर १३,८६,०००. दिवस तेवढेच, नोकरी तेवढीच, पण तीन हिशेबांत जवळजवळ सहा लाखांचा फरक पडतो. म्हणून युनियनने ‘४५ चे ६० दिवस करा’ म्हणण्याआधी ‘पगार म्हणजे काय आणि भागायचे कितीने’ हे दोन मुद्दे लेखी ठरवून घ्यावेत. दिवस वाढवून दिल्याचा गाजावाजा करणे व्यवस्थापनाला सोपे जाते, पाया मात्र ते सहजासहजी हलवत नाही.

नोटिशीतली दुसरी मेख ‘यांपैकी कमी’ ही आहे. तुमचे १३२ महिने शिल्लक आहेत, त्यामुळे तुम्हाला तिचा त्रास नाही. पण तुमच्याच पगाराचा, ३१ वर्षे झालेला ५६ वर्षांचा सहकारी घ्या. ४५ दिवसांनी त्याचे ११,१६,००० होतात. उरलेल्या २४ महिन्यांचे मात्र ५,७६,०००. त्याच्या हाती ही दुसरी रक्कम येणार. सरकारी कंपन्यांत ‘गुजरात मॉडेल’ म्हणून जे सूत्र चालते (बीएसएनएलच्या २०१९ च्या योजनेतही तेच होते) त्यात झालेल्या वर्षाला ३५ दिवस आणि उरलेल्या वर्षाला २५ दिवस धरतात. त्या सूत्राने तुमचे १,०४५ दिवस, म्हणजे ८,३६,००० होतात. तरुण कामगाराला ते बरे पडते. युनियनच्या कमिटीने प्रत्येक वयोगटातले दोन-दोन जण घेऊन दोन्ही सूत्रांचा तक्ता करावा आणि तोच वाटाघाटीच्या टेबलावर ठेवावा.

प्रश्न : ‘बारा लाखांचे पॅकेज’ असे तोंडी सांगतात. यात ग्रॅच्युइटी आली का?

उत्तर : बहुतेक वेळा घातलेली असते आणि इथेच सर्वांत जास्त फसगत होते. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, पीएफ आणि काम केलेल्या दिवसांचा बोनस हे तुमच्या हक्काचे आहे; व्हीआरएस घेतली नाही तरी ते मिळणारच. तुमची ग्रॅच्युइटी २४,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले २२, म्हणजे ३,०४,६१५ रुपये. बारा लाखांतून ती आणि रजेचे पैसे वजा केले की खरी भरपाई आठ-साडेआठ लाखांवर येते. योजनेत ‘सर्व वैधानिक देणी या रकमेव्यतिरिक्त’ हे वाक्य नसेल तर सही करू नका.

ग्रॅच्युइटीबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रम संहिता (नवे कामगार कायदे) लागू झाल्या आहेत. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरावा लागतो. तुमचे बेसिक-डीए निम्म्याहून जास्त असल्याने तुम्हाला फरक पडत नाही. पण ४२,००० पैकी ज्याचे बेसिक-डीए फक्त १६,००० आहेत, त्याची ग्रॅच्युइटी २१,००० वर मोजायला हवी.

कर : नियमात बसणाऱ्या योजनेत भरपाईचे पहिले ५ लाख रुपये करमुक्त असतात, तेही आयुष्यात एकदाच. त्यासाठी कामगाराची नोकरी १० वर्षे झालेली हवी किंवा वय ४० पूर्ण हवे, योजना सर्वांना खुली हवी, एकूण मनुष्यबळ कमी व्हायला हवे आणि रिकामी जागा पुन्हा भरता कामा नये. सवलत एकाच वर्षाला लागते. म्हणून मार्चमध्ये एक लाख आणि उरलेले पुढच्या वर्षी, असे हप्ते मान्य करू नका.

प्रश्न : आमचे पगारवाढीचे मागणीपत्र १४ महिने पडून आहे. व्यवस्थापन म्हणते, आधी व्हीआरएस होऊ द्या, मग पगारवाढीचे बोलू. काय करावे?

उत्तर : हा क्रम मान्य करू नका. जुन्या पगारावर माणसे बाहेर पडली की भरपाई, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे सगळेच जुन्या आकड्यावर मोजले जाते. पुढे करार मागील तारखेपासून झाला तरी गेलेल्यांना थकबाकी आपोआप मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या ए. के. बिंदल प्रकरणात स्पष्ट म्हटले आहे की व्हीआरएसची रक्कम घेतल्यावर मालक-नोकर हे नाते संपते आणि मागच्या काळातली वेतनसुधारणा नंतर मागता येत नाही.

करार आधी झाला तर उत्तमच. तो लांबणार असेल तर व्हीआरएसच्या मसुद्यात हे कलम घाला : ‘मागणीपत्राच्या अंमलाच्या तारखेपासून नोकरी सोडण्याच्या तारखेपर्यंतची थकबाकी व्हीआरएस घेणाऱ्यांना मिळेल आणि भरपाईतला फरकही त्यांना दिला जाईल.’ त्यातल्या दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर व्यवस्थापन जोरात अडेल. तिथे दर वर्षामागच्या ४५ दिवसांतले थोडे दिवस सोडले तरी चालतील, कलम सोडू नका.

मागे राहणाऱ्यांचाही विचार याच बैठकीत व्हावा. २०० पैकी ६० जण गेले तर त्यांचे काम कोण करणार? प्रत्येक विभागातून जास्तीत जास्त किती अर्ज स्वीकारणार, कायम कामाच्या जागी कंत्राटी माणूस आणणार नाही, उरलेल्यांची बदली कुठे आणि कोणत्या अटीवर होणार, कॅन्टीन आणि बससेवा चालू राहणार का, हे सगळे करारात यायला हवे. बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. आठवड्याने टाइप होऊन आलेल्या इतिवृत्तात ‘तत्त्वतः मान्य’ असले शब्द घुसलेले असतात.

प्रश्न : अर्ज दिला नाही तर लांब बदली करू, असे साहेब सांगतात. घाबरून दिलेला अर्ज मागे घेता येतो का?

उत्तर : व्यवस्थापनाने अर्ज स्वीकारल्याचे कळवण्याआधी साधारणपणे घेता येतो. राष्ट्रीयीकृत बँकांच्या २००० सालच्या योजनांवरच्या निकालात हेच तत्त्व मान्य झाले. पण योजनेतली कलमे वेगळी असतील तर उत्तर बदलते, आणि पैसे उचलल्यावर वाट बंद होते. अर्ज मागे घेत असल्याचे पत्र द्या, पोचीवर तारीख-वेळेचा शिक्का घ्या, सोबत स्पीड पोस्टानेही पाठवा. धमकी कोणी, कधी, कोणासमोर दिली ते युनियनला लेखी द्या. युनियनने ते कामगार आयुक्त कार्यालयात नोंदवावे.

प्रश्न : व्हीआरएसनंतर ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) उपचार आणि पेन्शनचे काय?

उत्तर : किमान ५ वर्षे ईएसआयचे विमाधारक असाल तर स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी महिन्याला १० रुपये, म्हणजे वर्षाचे १२० रुपये एकदम भरून उपचार चालू ठेवता येतात. त्यासाठी कंपनीकडून व्हीआरएसचा दाखला मागून घ्या. पीएफची पेन्शन १० वर्षे नोकरी झाली असेल तर ५० नंतर घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते. ४७ व्या वर्षी बाहेर पडताना स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनसाठी धरलेल्या नोकरीच्या वर्षांचा पीएफ कार्यालयाचा दाखला) घ्या. पुढे दुसरीकडे नोकरी लागली की मागची वर्षे त्यात जोडली जातात.